सासूसाठी दरखास्त

दरखास्त लिहून घेणाऱ्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कशासाठी? पोटगी, सामान की मूल?"

"सासू," मी म्हणाले.

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, घटस्फोट झालाय ना तुमचा?"

"झालाय. हा काय हुकूमनामा."

"मग सासूबाईंना घराबाहेर काढायचंय का?"

"नाही हो. परत आणायचंय त्यांना."

त्यानं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली, त्यांनी आणखी कुणाला तरी. बघता बघता माझ्याभोवती चांगली गर्दी जमली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सासूला हाकलायला आलेल्या सुना पाहिल्या, सुनेला हाकलायला आलेल्या सासवा पाहिल्या, पण हा प्रकार नवाच, असं एकमत झालं. एक जण म्हणाला, "ताई, आमच्या घरी एक आहेत. नाहीतर त्याच घेऊन जा." मीही हसले. न हसून करते काय?

दरखास्त म्हणजे मिळालेला निकाल प्रत्यक्षात आणून द्या, असा कोर्टाकडे केलेला अर्ज. निकाल मिळवायला चपला झिजतात हे माहीत होतं; तो अमलात आणायला त्याहून जास्त झिजतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात माझा निकाल एका राज्यातला आणि ज्याच्यावर तो बजावायचा तो माणूस दुसऱ्या राज्यात. आमचं कोर्ट म्हणालं, निकाल आमचा खरा, पण हद्दीपलीकडे आमचा बेलिफ जात नाही, आम्ही तिकडच्या कोर्टाकडे पाठवतो. आणि पाठवला, पण इतका सावकाश की पायी निघाला असता तरी आधी पोचला असता.

ज्याच्यावर बजावायचा तो माणूस म्हणजे आईंचा मुलगा. 'माजी नवरा' म्हटलं की मला एखाद्या मंडळाचा माजी अध्यक्ष आठवतो, म्हणून मी त्याला आईंचा मुलगा म्हणते. तसंही त्याच्याकडून मला मिळालेली एकच चांगली गोष्ट म्हणजे त्याची आई.

आईंना अख्खी गल्ली 'मास्तर' म्हणायची. शिंप्याच्या दुकानात जो कापड कापतो तो मास्तर, मग तो बाई का असेना. नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. आई एका टेलरच्या दुकानात काजं-बटणं करायला लागल्या. बसायची जागा दाराशी, पण नजर कटिंगच्या टेबलावर. एकदा शाळांचे गणवेश शिवायच्या ऐन हंगामात तिथला कटर भांडून निघून गेला. मालक डोक्याला हात लावून बसला, तेव्हा आई उठल्या आणि म्हणाल्या, "मी कापते. बिघडलं तर पगारातून कापा." बिघडलं नाही. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, खाली दुकान आणि वर दोन खोल्या.

जिभेला मात्र अस्तर नव्हतं. एखाद्या बाईनं "जरा फिटिंगचं शिवा हं" म्हटलं की त्या टेपकडे बघून म्हणायच्या, "मी फिटिंगचं शिवीन, पण तुम्ही मग बसायचं नाही, नुसतं उभं राहायचं." बाया रागावून जायच्या आणि पुढच्या आठवड्यात दुसरं कापड घेऊन यायच्या. माप त्या कुठं लिहून ठेवत नसत. खडूनं थेट कापडावर रेघ ओढायच्या, आणि रेघ एकदा ओढली की देव आला तरी पुसायची नाही.

मी त्या घरात आले तेव्हा मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. मला मामीनं वाढवलं. मामीच्या घरी मी उपकाराखाली होते, त्यामुळे काम चुकलं की आवाज न करता रडायची सवय होती. पहिल्याच महिन्यात मी एका शर्टाची बाही उलटी लावली आणि मशीनवरच मुसमुसायला लागले. आईंनी बाही हातात घेतली, उसवली, परत माझ्यापुढे टाकली. "रडून सरळ होत असेल तर रड. नाहीतर टीप मार." एवढंच. पण उलटी बाही दुसऱ्या कुणाला कधी सांगितली नाही. माझ्या जन्मात मला चूक करायची परवानगी देणारी ही पहिली बाई. तिचे उपकार मोजायला बसले तर टेप पुरणार नाही.

आता आईंची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रिकाम्या हातानं त्या कधी खरं उत्तर देत नसत. जेवताना विचारा, गप्पा मारताना विचारा, एकच उत्तर: "तुमचं तुम्ही बघा." नाहीतर, "माझं काय, मी बरी आहे." तोच प्रश्न त्यांच्या हातात कात्री असताना विचारा. कात्री खडूच्या रेघेवरून चालत राहायची आणि तोंडातून मनातलं नेमकं बाहेर पडायचं. घरमालकाला भाडेवाढ हवी असली की तोसुद्धा आई कापायला उभ्या राहीपर्यंत बाकावर वाट बघत बसायचा.

आमचं दोघांचं फाटलं, त्याला कुणी तिसरं कारण नव्हतं. पटत नव्हतं, बस्स. त्याला मोठी नोकरी, मोठं शहर हवं होतं. मला ते दुकान सोडवत नव्हतं. मूल नव्हतं. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा आम्ही आईंना जेवणाच्या टेबलाशी सांगितलं. "तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कोटाचं कापड कापता कापता मात्र त्यांनी सांगितलं, "चूक दोघांची आहे, समजूत घालायला मी येणार नाही. व्हा वेगळे. पण दुकान ही चालवेल. आणि मी मला हवं तिथं राहीन, मला कुणी वाटून घ्यायचं नाही."

सामंजस्यानं झालेला घटस्फोट होता, म्हणून हे वाक्य जसंच्या तसं हुकूमनाम्यात गेलं: याचिकाकर्त्याची आई तिच्या मर्जीनं कुठंही राहील, दोघांपैकी कुणीही आडकाठी करणार नाही. वकील म्हणाले होते, "असलं कलम मी अजून लिहिलेलं नाही, पण लिहायला काय जातंय."

घटस्फोटानंतर आई माझ्याकडेच राहिल्या. तो हद्दीपलीकडच्या शहरात गेला, त्यानं दुसरं लग्न केलं. आणि एक दिवस गाडी घेऊन आला. "आठ दिवस नेतो आईला, जरा विश्रांती मिळेल." मीच पिशवी भरून दिली. ते आठ दिवस काही संपेनात. फोनवर आईंना नीट ऐकू येत नाही. समोर माणूस असला तर येतं. त्यामुळे फोन तोच उचलायचा. "आई मजेत आहे. या वयात तिला आता राबवू नकोस." दोनदा मी जाऊन आले. दोन्ही वेळा दार त्यानंच उघडलं, चहा दिला, आणि आई झोपल्यात म्हणून सांगितलं. मी खालमानेनं चहा पिऊन परत आले. दुकानात कटिंगचं टेबल रिकामं. मी कापायची, पण प्रत्येक कापडापाशी हात थांबायचा. खरं सांगते, गिऱ्हाईकं तुटतील याची भीती नव्हती. संध्याकाळी शटर ओढल्यावर वरच्या खोलीत "आज काय घोळ घातलास?" असं विचारणारं कुणी नव्हतं. मला आई हव्या होत्या, दुसरं काही नको होतं.

म्हणून मी दरखास्त टाकली.

तिकडच्या कोर्टाचे बेलिफ निवृत्तीला आलेले, अंगानं सुकलेले गृहस्थ. वॉरंट, जप्ती, ताबा असल्या कामांनी तोंड कायमचं आंबट झालेलं. माझा कागद वाचून मात्र ते म्हणाले, "चला ताई. निदान आज कुणी शिव्या घालणार नाही." मला त्यांनी जिन्यात एक मजला खाली उभं केलं. "तुम्ही दिसलात की भांडण होईल. ऐकू येईल तुम्हाला इथून."

ऐकू आलं. दार उघडल्याचं आलं, कागद वाचल्याचं आलं. आईंच्या मुलाचा आवाज आला, "मी कुठं अडवलंय? विचारा तिलाच." मग बेलिफ, "आजी, तुम्हाला तिकडं, दुकानाकडं जायचंय का?"

आणि मग आईंचा आवाज. इतक्या महिन्यांनी. "माझं काय, मी जिथं आहे तिथं बरी आहे."

मी जिन्याचा कठडा धरला. बेलिफ खाली आले ते माझ्याकडे न बघताच. "त्या म्हणाल्या तेच मला लिहावं लागणार, ताई."

"त्यांच्या हातात काही होतं का हो?" मी विचारलं.

"हातात? काही नाही. टीव्हीसमोर बसल्या होत्या. हात मांडीवर."

मी त्यांना आईंची खोड सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ आपणहून घातली: बाईंना मुलाच्या समोर विचारलं, न्यायालयानं स्वतः विचारावं असं वाटतं. ती ओळ लिहायची त्यांच्यावर कसलीही सक्ती नव्हती. त्या आंबट तोंडाच्या माणसाला मी रोज दुवा देते.

माझ्या वकिलांना मी तीच खोड सांगितली तेव्हा ते म्हणाले, "हातात कात्री दिली तर साक्ष बदलेल, असं मी कोर्टात सांगू? मला घरी बसायचं नाहीये अजून."

सुनावणीच्या दिवशी तिकडच्या कोर्टातल्या न्यायाधीशबाईंनी आम्हा सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. खोली लहान. भिंतीला टेकून फायलींचे गठ्ठे, टेबलावर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास, कागद उडू नयेत म्हणून हळू फिरवलेला पंखा. आईंना त्यांनी आपल्या समोरच्या खुर्चीत बसवलं. आई बारीक झाल्या नव्हत्या, उलट अंग धरलं होतं. नवी साडी, नीट विंचरलेले केस. कुणी हयगय केलेली नव्हती, हे मी पाहिलं, आणि त्याबद्दल त्या दुसऱ्या सुनेचेही मनात आभार मानले. पण हात मांडीवर एकावर एक ठेवलेले होते, फोटो काढायला बसवावं तसे. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली.

"आजी, घाबरू नका. तुम्हाला कुठं राहायचंय?"

"माझं काय, बाई. तुमचं तुम्ही बघा."

आईंच्या मुलाचे वकील किंचित हसले. माझे वकील छताकडे बघायला लागले. न्यायाधीशबाईंनी आणखी दोन तऱ्हांनी विचारून पाहिलं. उत्तर तेच. मला वाटलं, संपलं. त्यांनी काहीतरी सांगायला स्टेनोकडे मान वळवली, आणि वळताना त्यांच्या काळ्या गाऊनचा खांदा आईंसमोर आला. खांद्याची शिवण बोटभर उसवलेली होती.

"तो खांदा गेलाय तुमचा," आई म्हणाल्या.

"हो, कधीचा. वेळच होत नाही."

"काढा."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. न्यायाधीशबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गाऊन काढला आणि टेबलावरून आईंकडे सरकवला. आईंनी तो उलटा केला, शिवण नखानं दाबून पाहिली, आणि माझ्याकडे न बघता उजवा हात बाजूला केला. मीही विचार केला नाही. पर्समध्ये सुयांची डबी कायमच असते. काळा दोरा ओवून, गाठ मारून सुई त्यांच्या बोटांत दिली. आईंची नजर जवळचं काम करायला पूर्वीसारखी राहिली नाही, दोरा नेहमी मीच ओवायचे. आमच्यात शब्दही झाला नव्हता. न्यायाधीशबाई आमच्या दोघींच्या हातांकडे बघत राहिल्या.

आईंनी पहिला टाका घातला, दुसरा घातला, आणि मग बोलायला लागल्या, कुणीही न विचारता.

"माझा मुलगा वाईट नाही, बाई. त्याला कुणी काही बोलायचं नाही. पाणीसुद्धा हातात आणून देतो. त्याची बायकोही गुणाची आहे. पण मला बसवून ठेवलंय हो. सकाळी उठवून बसवतात, रात्री नेऊन झोपवतात. मी परवा उशीचा अभ्रा उसवून पुन्हा शिवला, तर सुई काढून घेतली, बोटाला लागेल म्हणून."

"आई, तुला विश्रांती मिळावी म्हणून केलं मी," आईंचा मुलगा म्हणाला. आवाज त्याचा अगदी लहान झाला होता. "तू एकदाही बोलली नाहीस."

"रिकाम्या हातानं काय बोलायचं माणसानं?" टाका ओढत आई म्हणाल्या. "मला दुकानात जायचंय. हिच्याकडे. ही बाही नीट लावते, पण कापताना घाबरते. मी नसले की कापड वाया घालवते."

मी मान डोलावली. खोटं काय होतं त्यात?

आईंच्या मुलाच्या वकिलांनी घसा साफ केला. ते त्यांचं काम करत होते, मी त्यांना दोष देत नाही. "मॅडम, यांची इच्छा कळली. तरी कायद्याचा मुद्दा उरतोच. मूळ हुकूमनाम्यात या पक्षकारच नाहीत. त्या कलमाची अंमलबजावणी त्यांच्या बाबतीत कशी मागता येईल? शिवाय घटस्फोटानंतर अर्जदार बाई यांच्या कुणी लागत नाहीत."

आईंची सुई थांबली. "पक्षकार नाही म्हणजे काय?"

न्यायाधीशबाईंनी समजावलं, "म्हणजे आजी, तो घटस्फोट या दोघांमधला. त्यात तुम्ही नव्हता. तुमची कुठं सही नाही."

"माझी सही नाही ना?"

"नाही."

"मग माझा घटस्फोट कुठं झालाय?" आई म्हणाल्या. "सह्या यांनी केल्या, सुटले ते दोघं सुटले. मी हिची सासू होते ती आहेच की. मला कुठल्या कोर्टानं मोकळं केलंय?"

स्टेनो लिहायचं विसरली. माझे वकील छताकडे बघायचं सोडून आईंकडे बघत होते, आणि समोरचे वकील आपला कागद घडी घालून खिशात ठेवायच्या मागे लागले होते. तेवढ्यात आईंचा मुलगा उठला.

"मॅडम, मला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला. "आईला हवं तिथं जाऊ दे. फक्त मला भेटायला येऊ द्यावं."

"ये की," आई म्हणाल्या. "मापाला कापड घेऊन ये. तो शर्ट काय घातलायस, गळ्यात दाटतोय."

तो हसला आणि डोळे पुसले. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याचा जेवढा राग आला होता, तेवढा सगळा त्या एका क्षणात उतरला. हट्ट धरला असता तर हे प्रकरण वरच्या कोर्टात, तिथून आणखी वर, आईंचं आयुष्य संपेपर्यंत चालवता आलं असतं त्याला. त्यानं नाही चालवलं. यासाठी मी त्याचे आभार मानते, आणि मनापासून मानते.

आदेश दोन ओळींचा झाला. निकाल एका राज्यातला, अंमल दुसऱ्या राज्यात, आणि त्याच्यासाठी मी खाल्लेले हेलपाटे, सगळं त्या दोन ओळींत बसलं. आई तोवर शिवण दुसऱ्यांदा पक्की करत होत्या, कारण एकेरी टाक्यावर त्यांचा विश्वास नाही. न्यायाधीशबाईंनी पेन बंद केलं, आणि आता कोर्ट म्हणून नव्हे, सहज विचारावं तसं विचारलं, "पण आजी, ही अजून लहान आहे. उद्या हिनं दुसरं लग्न केलं तर? मग तुम्ही हिच्या कोण?"

हा प्रश्न मी स्वतःला कितीदा तरी विचारला होता आणि प्रत्येक वेळी घाबरून सोडून दिला होता.

आईंनी गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"करू दे की लग्न," त्या म्हणाल्या. "मला जावई मिळेल."

घटस्फोटाच्या दिवशीही मी कोर्टात रडले नव्हते. त्या दिवशी रडले, आवाज करून, सगळ्यांच्या देखत, मामीच्या घरी कधी रडता आलं नाही तशी. आईंनी गाऊन झटकून न्यायाधीशबाईंच्या हातात दिला, खुर्चीला धरून उठल्या आणि माझ्या दंडाला धरून मला दाराकडे वळवलं.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "गाडी चुकेल."